महाराजांनी धरलेली फट

खाडीच्या तोंडाशी वसलेल्या मुरवणे बंदरात शांतगीर महाराज त्या वर्षी चातुर्मासाला राहिले होते. नारळी पौर्णिमा आठवड्यावर आली होती आणि जगन नाखव्याची होडी किनाऱ्यावर कोरडी पडून होती. तळाचे सांधे गळत होते, वर दोर बांधायच्या खुंट्या ढिल्या झाल्या होत्या. नाखव्याने विचारले, "महाराज, काम कुणाला देऊ?" महाराज म्हणाले, "धाकूला द्या."

हे ऐकून विश्राम मेस्त्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षे बंदरातली प्रत्येक होडी त्याच्या हाताखालून गेलेली, आणि मान मिळाला तो कालपरवा कामाला लागलेल्या, नामस्मरण करत हातोडी मारणाऱ्या धाकूला! त्याला जेवण गोड लागेना. गळते सांधे बुजवायला धाकू फळ्यांमधल्या फटींत हलक्या हाताने कापूस ठोकत असे. विश्राम रोज किनाऱ्यावर येऊन टोमणा मारी, "धाकू, कापूस ठोकतोस की समईच्या वाती वळतोस?"

धाकू हसून म्हणे, "लाकूड कोरडं आहे, मेस्त्री. पाणी प्यायलं की फुगेल. त्याला जागा नको?"

विश्रामला हे ठाऊक नव्हते थोडेच! ठाऊक होते म्हणूनच, खुंट्या पक्क्या करून धाकू जेवायला गेला तेव्हा त्याने तळाच्या एका सांध्यात कापूस ठोकून ठोकून गच्च भरला आणि वर राळ सारवली. फळ्या फुगल्या की सांधा उकलेल, होडी बंदरातच गळेल आणि सगळे धाकूला हसतील, एवढेच त्याला हवे होते.

बंदराचा रिवाज असा, की होडीला ज्याचा हात लागला त्याने पहिल्या फेरीला तिच्यात बसायचे. नारळी पौर्णिमेला होडी निघताना महाराजांनी किनाऱ्यावरच्या पारावरून शांतपणे विचारले, "विश्राम मेस्त्री, तुम्ही नाही बसत?" 'माझा हात लागला नाही' हे शब्द काही त्यांच्यासमोर विश्रामच्या तोंडून निघेनात. तो निमूट चढला.

सांधा बंदरात उकललाच नाही. उकलला तो भर समुद्रात. कापूस बाहेर आला, पाणी उसळून आत शिरले. होडीत सात जण होते. विश्राम जागच्या जागी थिजला. धाकूने मात्र फटीवर तळवा दाबला आणि डोळे मिटून तो म्हणाला, "महाराज, माझं चुकलं असेल, पण ही माणसं तुमची आहेत." आणि काय सांगावे, पाणी थांबले!

होडी किनाऱ्यावर ओढली तेव्हा त्या फटीतून आरपार उजेड दिसत होता. नाखवा धाकूला नको नको ते बोलला. धाकू मान खाली घालून उभा राहिला. विश्राम तेव्हाही गप्पच होता. मत्सर माणसाला असा मुका करून ठेवतो.

मग सगळे दर्शनाला गेले. महाराज सकाळपासून पारावरून हलले नव्हते. विश्राम पाया पडायला वाकला, तर महाराजांचा उजवा तळवा पाण्यात भिजल्यासारखा सुरकुतलेला आणि बोटांना राळ चिकटलेली!

त्याला एकट्याला ऐकू जाईल अशा बेताने महाराज म्हणाले, "मेस्त्री, एवढा गच्च ठोकायचा नव्हता. फार वेळ हात लावून बसावं लागलं."

विश्रामचे गुडघे तिथेच टेकले. महाराजांचा तो हात त्याने कपाळाला लावला, भरल्या पारासमोर आपले कृत्य सांगितले आणि मग वळून धाकूच्या पायांवर डोके ठेवले.