बारकीच्या वाट्याचं पाणी

खारकोंडच्या बांधावरून चालत आलात की दोन्ही हातांना मिठागर पसरलेलं दिसतं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगालाही खाडी. जमीन चाखली तर खारट, वारा ओठांवर बसला तर खारट. आणि या सगळ्याच्या मधोमध ही विहीर. हिचं पाणी ओंजळीत घेऊन पिऊन बघा. नारळाच्या पाण्यासारखं गोड आहे. तिच्याभोवती ही जी घडीव दगडांची बैठक आहे, तिच्यावर दिवस मावळायच्या आधी मिठागरातली सगळी माणसं येऊन बसतात, पाय धुतात, पायांना खोबरेल लावतात, चार गोष्टी बोलतात. ही घटका कामातच धरतात. तिची मजुरी कापायची नाही, असा इथला दंडक आहे. हा दंडक कुठल्या सरकारानं घातला नाही. तो एका बाईनं घातला, असं सांगतात.

फार जुनी गोष्ट. तेव्हा हे मिठागर पदाजी शिलोत्र्याचं होतं. त्याच्या बापानं चिखलात उभं राहून बांध घातला आणि त्या बांधावरच प्राण सोडला, म्हणे. त्यामुळे पदाजीला मिठागर म्हणजे बापाची ठेव वाटे. माणूस वाईट नव्हता. व्यसन नाही, कुणावर हात टाकणं नाही. पण त्याच्या डोक्यात एकच भीती होती, की आपल्या हातून बापाचं काम बुडेल. त्या भीतीनं तो सगळं मोजायला लागला.

मजुरी तो घटकेवर देई. बांधाच्या टोकाला एक मांडव होता. त्यात मोठं घंगाळ पाण्यानं भरून ठेवलेलं असे आणि त्यावर बुडाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी तरंगत असे. वाटी हळूहळू भरून बुडाली की एक घटका झाली. मग काशाच्या थाळीवर ठोका पडे. खाऱ्या पाण्यानं वाटीचं भोक बुजतं, म्हणून घंगाळात गोडं पाणी लागे. आणि गोडं पाणी यायचं पलीकडच्या काठावरून, होडीनं, पिंपात भरून. माणसांना ते पिण्यापुरतं मिळे, तेही मापानं. हातपाय धुवायचे तर खाडी होतीच की.

त्या घंगाळाशी बसायचं काम पदाजीची बायको चांगुणा करी. ती काही शेठजीच्या घरातली नव्हती. मीठ ओढणाऱ्या माणसाची लेक. तिचे आईबाप खाडीचं पाणी अडवून मीठ पिकवायच्या याच कोंड्यांतून राबले, आणि तिची धाकटी बहीण बारकी अजून तिथंच टोपली वाहत होती. लग्नाआधी दोघी एकाच कोंडीत उतरत. एकीनं गाणं उचललं की दुसरी ते झेलायची. लग्न झालं आणि चांगुणा मांडवात बसली. तिथून बारकीचं गाणं ऐकू येई, पण ते झेलता येत नसे. शेठाणीनं कसं गायचं? ती ओठ मिटून वाटीकडे बघत राही.

कुणी दम खायला बसलं, कुणी काटा काढायला थांबलं, कुणी लेकराला पाजायला गेलं, की पदाजी बांधावरून हात वर करी. मग चांगुणानं वाटी पाण्याबाहेर काढून धरायची. एकापायी सगळ्यांचा वेळ तिथंच थांबला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती वाटी अधांतरी राही.

मिठात राबणाऱ्याचे पाय कसे असतात ते तुम्ही पाहिलं नसेल. टाच उभी फाटते आणि फटीत मीठ बसतं. दिवसा काम असतं, कळत नाही. संध्याकाळी घरी जाऊन पडलं की मग ती आग सुरू होते.

एका उन्हाळ्यात बारकीची टाच अशी फाटली की तिला पाऊल टेकवेना. भरदुपारी ती लंगडत मांडवाशी आली.

"बाय," ती म्हणाली, "वंजळभर पानी दे गं. जरा धुतं नि जातं."

चांगुणाचा हात घंगाळात गेलाच होता. तेवढ्यात मागून पदाजीचा आवाज आला, "ते घटकेचं पानी हाय. ते पायांवर वतायचं नाय." आणि मग जरा खालच्या स्वरात, "वाटी उचल. ही हुबी राहिली ना इथं."

चांगुणानं नवऱ्याकडे पाहिलं. बहिणीकडे पाहिलं. असं सांगतात, की तिचा हात पाण्यातून रिकामा निघाला आणि त्यानं वाटी उचलली.

बारकी पाठ फिरवून कोंडीत गेली, दिवस मावळेपर्यंत राबली. पण त्या दिवशी मिठागरात गाणं झालं नाही. ओहोटी लागली तशी माणसं होड्यांत बसली. बारकी पलीकडच्या काठाकडे तोंड करून बसली होती. चांगुणा धक्क्यावर उभी होती. होडी वळणाआड जाईपर्यंत तिला वाटत राहिलं, आता वळून बघेल. बारकीनं वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यातलं कुणीही कामावर आलं नाही.

पदाजीनं दुसरी माणसं आणली. ती थोडे दिवस राहिली आणि गेली. त्यानं मजुरी वाढवली. नवी आली, तीही गेली. कोंडीत पाणी कधी सोडायचं, कधी अडवायचं, हे हाताला कळायच्या आत माणूस निघून जायचा. मीठ काळपट निघू लागलं. बांधाला कुठं भेग पडलीय हे कुणाच्या लक्षात येईना, कारण बांध आपला वाटावा इतके दिवस कुणी राहतच नव्हतं.

आणि चांगुणा वाटीपाशी बसून राहिली. वारा पलीकडून आला की तिला वाटे, बारकीनं गाणं उचललंय. ती कान देई. ते बगळ्यांचं ओरडणं असे. संध्याकाळी ती धक्क्यावर जाऊन येणारी प्रत्येक होडी बघे. होडीवाल्या पोशाला ती एकच विचारी, "दिसली का रं?" तो नाही म्हणून मान हलवी. घरात तिनं बहिणीचं नावही काढलं नाही. पण जेवताना तिचा घास हातातच राहायचा, आणि पदाजी ते बघायचा.

मग एका अवसेच्या उधाणात बांध फुटला. तयार मीठ वाहून गेलं. उरलेली माणसंही सकाळी बोचकी बांधू लागली. त्यांत धाया नावाचा एक म्हातारा होता, परमुलखातून आलेला. पदाजी त्याच्यासमोर चिखलातच बसला.

"मजुरी कमी देतो का मी?" त्यानं विचारलं. "कुनाला शिवी दिली? मग थांबत का नाय कुनी? मी काय करू, सांगा तरी."

धायानं बोचक्याची गाठ मारली. मग म्हणाला, "शेट, मजुरी बरी हाय. पन आमी इथं आलो की तुमची बाय वाटीकडं बघती, नि तुमी बांधावरून आमच्या हातांकडं बघता. तोंडाकडं कुनी बघत नाय. तुमाला माजं नाव तरी म्हाईत हाय का?"

पदाजीला माहीत नव्हतं.

मांडवात बसलेल्या चांगुणानं हे ऐकलं. ती उठली. तिनं तरंगती वाटी काढून बाजूला ठेवली, ते जड घंगाळ दोन्ही हातांनी ओढत ओढत बाहेर आणलं आणि धायापुढे गुडघे टेकले. म्हाताऱ्यानं पाय मागे घेतले. तिनं ते धरले. "नाव काय तुमचं, बाबा?" तिनं विचारलं आणि घटकेचं पाणी त्याच्या टाचांवर ओतलं. फटींतलं मीठ निघेपर्यंत ती अंगठ्यानं चोळत राहिली. तिचं रडणं थांबत नव्हतं. ती मनातून कुणाचे पाय धुतेय हे पदाजीला कळलं. तो पुढे झाला, घंगाळाची दुसरी कडी त्यानं धरली, आणि दोघं एकेका माणसापुढे बसत गेली. नाव विचारायचं, पाय धुवायचे. घंगाळ रिकामं झालं. त्या दिवशी किती घटका गेल्या हे कुणालाच माहीत नाही, म्हणे.

पाणी जिथं मुरलं होतं, ती जागा उन्हातही सुकेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं मिठाचा पांढरा थर नव्हता, काळी ओल होती. धायानं बोट लावून चाखलं आणि फावडं मागितलं. कमरेइतकं खणल्यावर गोडं पाणी लागलं. तीच ही विहीर.

त्या संध्याकाळी चांगुणाच्या सांगण्यावरून पदाजीनं बापाच्या बांधावर हात ठेवून शब्द दिला, की या मिठागरात पाय धुण्याची घटका कामाची घटका, आणि कामावर आलेल्याचं नाव घेतल्याशिवाय त्याला काम सांगायचं नाही. चांगुणानंही मनाशी एक नेम केला. बारकीचे पाय या पाण्यानं धुईन, तोवर माझ्या पायांना गोड्या पाण्याचा थेंब नको.

बातमी होड्यांवरून पलीकडे गेली. धाया आणि त्याच्यासोबतची माणसं राहिली. मग जुनी माणसं परतू लागली, कधी एखादं, कधी अख्खं घर. चांगुणा धक्क्यावर उभी राही, प्रत्येकाला नावानं हाक मारी, विहिरीवर नेऊन पाय धुई. खाली पाय धुताना तिची नजर मात्र पुढच्या होडीवर असे.

पोशाला बारकी एकदा भेटली. लांबच्या एका बंदरावर मासळी सुकवत होती. त्यानं सगळं सांगितलं. पाणी लागलंय, बहीण वाट बघते, चल. बारकीनं आपल्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, "सांग बायला, येईन."

एवढ्या निरोपावर चांगुणानं जन्म काढला. बारकी आली नाही. कुणी म्हणतं, पुढच्याच पटकीच्या साथीत ती गेली. कुणी म्हणतं, निघाली होती, भरती आडवी आली. दारात गोड्या पाण्याची विहीर असून चांगुणाच्या टाचा शेवटपर्यंत फाटलेल्या होत्या. ती गेली तेव्हा मिठागरातल्या बायकांनी तिला विहिरीवर आणलं. पण पायांवर पाणी घालायला एकीचाही हात होईना. नेम मोडू नये म्हणून त्यांनी ते खाडीच्या पाण्यानं धुतले.

आजही हंगामाच्या पहिल्या दिवशी शिलोत्र्याच्या घरची बाई इथं येऊन सगळ्यांचे पाय धुते. सगळे उठले की ती एक तांब्या भरून धक्क्यावर ठेवते आणि शेवटच्या होडीची वाट बघते. त्या होडीनं एखादी अनोळखी बाई उतरली, तर ती कुठली, कुणाची, हे विचारायचं नाही. तिला बसवायचं आणि तिचे पाय धुवायचे. बहुतेक वर्षी कुणी उतरत नाही. होडीवाला दोर बांधतो आणि लांबूनच मान हलवतो. तरी ती बाई लगेच निघत नाही. पाण्यावरचा उजेड जाईपर्यंत थांबते, मग तांब्या उचलते, आणि त्यातलं पाणी न सांडता घरी नेते.