सगुणा कोष्टिणीचे लुगडे

कृष्णाकाठच्या सातघाट नगरीत लिंबनाथ महाराज राहत असत ते अगदी शेवटच्या घाटावर, जिथे कोष्टी आपले सूत धूत. नगरी मोठी देखणी. प्रत्येक घाटाचा आपला कृष्णामाईचा उत्सव, आपली पालखी आणि आपला ताठा! माघात गणेशघाटाचे लोक नदीला लुगडी नेसवत. पदराला पदर बांधायचा आणि नावेतून ती माळ या काठावरून त्या काठावर न्यायची.

त्या वर्षी सगुणा कोष्टीणही लुगडे घेऊन आली. पावसाळ्यात तिची लेक पुरात वाहून गेली होती. ‘माझी पोर परत दे आई, माघात हातानं विणलेलं लुगडं नेसवीन,’ असे ती बोलली होती. लेक तिसऱ्या दिवशी जिवंत सापडली. तो नवस आज फेडायचा होता.

उत्सवाचे प्रमुख त्र्यंबकराव घाटपांडे म्हणजे नाकाने कांदे सोलणारे गृहस्थ. “हे जाडंभरडं? आमच्या घाटावर आई रेशीम नेसते, गोणपाट नाही!” असे म्हणून त्यांनी लुगडे पायरीवर भिरकावले. भोवतालचे खो खो हसले. काय म्हणावे या माजाला! सांगताना आजही अंगाचा तिळपापड होतो.

सगुणेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लुगडे उचलून ती तरातरा महाराजांपुढे आली. “महाराज, त्याचं वाटोळं होऊ दे म्हणा! तुमचं तरी आई ऐकते.”

सारी हकीकत ऐकून महाराजांचेही डोळे लाल झाले. “राग मलाही आलाय, बाई. लेकीनं विणलेलं लुगडं आईला टोचतं, हे या शहाण्याला कुणी सांगितलं? चल.”

दोघे गणेशघाटावर पोचले, तोवर त्र्यंबकराव रेशमी लुगड्यांची माळ घेऊन नावेतून निघालेही होते. रेशमाची गाठ भिजली की सरकते, हे कोष्ट्याच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण कोष्ट्यांना विचारतो कोण? भर धारेत एकेक गाठ सुटली. वाहती लुगडी अडवायला गेलेल्या नावाड्याचे वल्हेच हातातून निसटले. नाव बंधाऱ्याकडे खेचली जाऊ लागली.

“वाचवा!” त्र्यंबकराव ओरडले.

“बुडू दे मेल्याला!” सगुणा म्हणाली.

महाराज कडाडले, “तुझा राग खरा आहे, तो ठेव तुझ्याजवळ. पण लुगडं तू आईला बोललीस, ते आता तुझं नाही. फेक पाण्यात!”

दातओठ खात तिने एक पदर मुठीत धरला आणि लुगडे फेकले. काय सांगावे, भक्तहो! नऊवारी लुगडे ते, पण उलगडतच गेले. वीस वार, पन्नास वार, शंभर वार! दुसरा पदर थेट त्र्यंबकरावांच्या हाती पडला. घाटावरच्यांनी मिळून ओढले, पण एक धागा तुटला नाही. नाव काठाला लागली.

ओलेचिंब त्र्यंबकराव महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी पाय मागे घेतले. “इथं काय? मी विणलंय का ते?”

तेव्हा साऱ्या घाटादेखत त्र्यंबकरावांनी कोष्टिणीच्या पायांवर डोके ठेवले. “आई, चुकलो.”

सगुणेचा राग काही उतरला नव्हता. “उठा. दिवस मावळायच्या आत नवस फिटायचाय. ज्या हातांनी भिरकावलंत, त्याच हातांनी नेसवा.”

नावाड्याने नवे वल्हे घेऊन एक पदर पलीकडे नेला. अलीकडचा पदर धरून त्र्यंबकराव कमरभर पाण्यात उतरले. त्या दिवशी कृष्णामाई काठापासून काठापर्यंत एकच सुती लुगडे नेसली, आणि नगरीचा तो मानी पुरुष त्यापुढे मान खाली घालून उभा राहिला.