ओढ्याकाठची शेळी

लेकीच्या खो-खोच्या सामन्यात तोंडातून शब्द काढायचा नाही, असं व्रत मी एकदा धरलं होतं. फार जड गेलं. तेव्हा मनाला सांगितलेली ही कहाणी.

फार मागे एका माळावर करडांची ओढा ओलांडायची शर्यत असे. शेळीची लेक टिपरी उडी घेई, तोच काठावरून आई ओरडे, "पाय उचल गं! ती शेजारची बघ, कधीच पोचली!" टिपरी धपकन पाण्यात.

तिसऱ्यांदा भिजल्यावर टिपरी म्हणाली, "आई, मी आता खेळणारच नाही. तू ओरडलीस की मला पलीकडचा काठ दिसत नाही, तुझं तोंडच दिसतं."

शेळीचाही घसा बसला होता. दमून ती गवतात बसली आणि गप्प राहिली. टिपरी जरा रेंगाळली, मग आपणहून गेली, पुन्हा पडली, आणि हसत वर आली. "आई, अजून एकदा जाऊ?"

बायांनो, तुम्हीही असं गवतात बसून बघा.