बसलेला वादक आणि उभा वादक

एकदा एका तरुण गिटारवादकाचा उजवा हात त्याला दगा देऊ लागला. घरी तो हात अत्यंत आज्ञाधारक असे. मंचावर गेला की मात्र परक्याचा असल्यासारखा वागे.

हा तरुण प्रोग्रेसिव्ह मेटल नावाचे संगीत वाजवत असे. ज्यांनी ते ऐकलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो: त्यात गोंगाट पुष्कळ असतो, पण गोंगाटाच्या आतला हिशेब फार कडक असतो. ताल मध्येच सातचा होतो, मध्येच पाचचा. आणि गिटारवादकाला चिमटीतला पिक, म्हणजे तारा छेडायचा प्लास्टिकचा छोटा तुकडा, तारेवर खाली-वर इतक्या वेगाने चालवावा लागतो की पाहणाऱ्याला हात थरथरतो आहे असेच वाटावे. त्याच्या बँडच्या एका गाण्यात अशी एक लांबलचक द्रुत ओळ होती. ती एकट्या गिटारची, म्हणजे चूक झाकायला शेजारी कोणी नाही. दोन कार्यक्रमांत तो नेमका तिथेच कोसळला. बँडमधल्या मुलांनी आवाज न चढवता, पण स्पष्ट सांगितले, "शनिवारी परत असं झालं तर आम्हाला दुसरा गिटारिस्ट बघावा लागेल." शाळेपासूनचे मित्र होते ते. त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागेना.

त्याने उपाय पुष्कळ केले. कोणी म्हणाले, तारा पातळ लाव, त्याने लावल्या. कोणी म्हणाले, तारा दांडीच्या आणखी जवळ आण. त्याने त्या इतक्या खाली आणल्या की खरखरू लागल्या, मग पुन्हा वर घेतल्या. पिक जाड घेऊन पाहिला, टोकदार घेऊन पाहिला. ड्रम वाजवणारा ऋत्विज म्हणाला, "तुला स्टेजची भीती वाटते, बाकी काही नाही." मग बिचारा डोळे मिटून दीर्घ श्वसन करू लागला. पलंगाच्या कडेवर बसून वाजवताना ओळ स्वच्छ येई. तालमीच्या खोलीत अँप्लिफायरवर बसून वाजवतानाही येई. मग मंचावरच काय होते, हे त्याला कळत नव्हते, आणि न कळण्याचा त्याला आता राग येऊ लागला होता.

शेवटी तो आपल्या पहिल्या गुरूंकडे गेला. हे वृद्ध गृहस्थ उभी हयात ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणी वाजवत आले होते. मेटल त्यांना मुळीच आवडत नसे आणि ते तसे तोंडावर सांगतही.

"सर, हिचं सेटअप करून द्या. तारा, दांडी, सगळं बघा. शनिवारी कार्यक्रम आहे."

"काय होतंय तिला?"

"घरी नीट वाजते. स्टेजवर वाजत नाही."

"हुशार दिसते," सर म्हणाले. "बस आणि वाजव."

तो खुर्चीत बसला आणि त्याने ती अवघड ओळ वाजवली. एकही स्वर गळला नाही. सरांनी मान डोलावली, खिडकीतला खडू उचलला आणि गिटारच्या वरच्या कडेला धरून त्याच्या काळ्या टी-शर्टवर एक पांढरी रेघ ओढली.

"सर!"

"हलू नकोस. आता पट्टा घाल. कार्यक्रमात उभा राहतोस तसा उभा राहा."

तो उभा राहिला. गिटार लोंबत पार मांड्यांपर्यंत गेली. सर गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि कडेला धरून त्यांनी त्याच्या पँटवर दुसरी रेघ ओढली. मग चहा टाकायला आत गेले.

तो तसाच उभा. सरांचे वय झाले, हे त्याच्या एकदम लक्षात आले आणि वाईटही वाटले. गिटार दाखवायला आणली, तर तिला हातसुद्धा न लावता हे माझेच माप घेतात? शिंप्याकडे आलो की काय आपण?

सर चहा घेऊन आले. "हं. आता तीच ओळ वाजव. असाच, उभ्याने."

त्याने सुरुवात केली, आणि तिसऱ्याच वळणावर हात अडखळला. पुन्हा सुरू केले, पुन्हा अडखळला. समोर ना प्रेक्षक होते, ना दिवे. फक्त सर आणि दोन कप चहा.

"इथे कोणाची भीती वाटली? माझी?"

"नाही."

"मग चहा टाकेपर्यंत गिटार बिघडली?"

"मला काहीच कळत नाही हो, सर," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

सरांचा आवाज तेव्हा जरा मऊ झाला. "रेघांकडे बघ. वीतभराहून जास्त अंतर आहे. वरच्या रेघेवर तुझा हात गिटारच्या अंगावर टेकतो, मनगट सरळ राहतं. खालच्या रेघेवर हाताला टेकू नाही, मनगट मुडपतं, पिक तारेत अडकतो. अरे, बसून वाजवणारा एक आहे आणि उभा राहून वाजवणारा दुसरा. रोज सराव करतो पहिला, आणि परीक्षेला तू पाठवतोस दुसऱ्याला. त्याला कधी कोणी शिकवलंय?"

त्याने दोन रेघांमध्ये वीत ठेवून पाहिली. "मग पट्टा आखूड करू?"

"कर. नाहीतर गिटार खालीच राहू दे आणि वर्षभर उभ्याने सराव कर. दोन्ही रस्ते चांगले आहेत. शनिवारच्या आत एकच पोचतो."

त्याने पट्टा आखडला आणि कपाटाच्या आरशात पाहिले. गिटार छातीशी आली होती. "सर, मी शाळेच्या बँडमधला वाटतोय."

"मला तुम्ही सगळे भांडायला निघालेले वाटता. इतकी खाली का लावतोस?"

"सगळेच लावतात. तशी... चांगली दिसते."

"तारा बदलल्यास, पिक बदललेस, श्वाससुद्धा बदलून पाहिलास," सर म्हणाले, आणि चहा प्यायला लागले.

शनिवारी पडद्यामागे ऋत्विजने त्याला पाहिले आणि तो हसत सुटला. "हे काय रे? बाळाला कडेवर घेतलंयस का?" त्याचे कान तापले. हात पट्ट्याच्या कडीकडे गेलाही. ती एकदा सरकवली असती तर गिटार पुन्हा ऐटीत लोंबली असती. तेवढ्यात त्यांचे नाव पुकारले गेले, आणि त्याने हात मागे घेतला.

ती ओळ आली. इतकी सहज आली की हा हात नक्की आपलाच ना, या आश्चर्याने तो मध्येच चुकता चुकता वाचला. ओळ पुरी झाली, ड्रम कोसळत आत आले, आणि समोरची पोरे ओरडू लागली. गिटार कुठल्या उंचीवर आहे हे त्यांच्यातल्या कोणी पाहिले असेल, असे काही वाटले नाही.

कार्यक्रम संपल्यावर घामेजलेल्या ऋत्विजने त्याला मिठी मारली. "बघ, मी म्हटलं नव्हतं? भीतीच होती तुला!"

नाही म्हणायला त्याने तोंड उघडले, आणि त्याचा हात पट्ट्याच्या कडीला लागला.

"होती," तो म्हणाला. "कसा दिसेन याची."

आपलाही संयम, आपला धीर बहुधा घरच्या खुर्चीत बसून कमावलेला असतो. चारचौघांत उभे राहिल्यावर तो कुठवर लोंबतो, हे एकदा पाहून ठेवावे.