गावाकडे पाठ केलेला क्रूस

खारभाटच्या खाडीकाठी जो लाकडी क्रूस आहे, तो गावाकडे पाठ करून उभा आहे. नवा पाहुणा आला की आम्ही मुद्दाम काही बोलत नाही. त्याला त्या सपाट पाठीसमोर भक्तिभावाने गुडघे टेकू देतो, फोटो काढू देतो, आणि मग हळूच सांगतो की देवाचं तोंड पलीकडे आहे बरं का. नवे फादरसुद्धा यातून सुटलेले नाहीत. पण पलीकडच्या पायरीवर कुणी बसलेलं असलं, तर पाहुण्याला दंडाला धरून मागे आणतो. ती पायरी थट्टेची नाही.

पूर्वी हा क्रूस गावाकडेच बघत होता, असं सांगतात. मधोमध कोरलेला काटेरी मुकुटातला येशूचा चेहरा, खाली दगडी चौथरा, आणि रोज संध्याकाळी दिवा लावायला नातालीन. मिठागरात राबणारी विधवा, तोंडाची फटकळ. तिच्या भक्तीचा देवापेक्षा गावालाच धाक जास्त. रोजरीच्या माळजपात कुणी जांभई दिली की तिचं कोपर बसलंच. प्रार्थना ती इतक्या झपाट्याने म्हणायची की बाकीचे 'आमेन'ला पोचेपर्यंत ही दिव्यात तेल घालून मोकळी. मागणंही ठरलेलं: ऊन कडक पडू दे, मीठ पांढरं होऊ दे, दुमिंग सुखरूप येऊ दे. दुमिंग तिचा एकुलता एक लेक, मीठ वाहणाऱ्या मचव्यावर खलाशी.

एका वर्षी तो मचवा खाडीच्या तोंडाशी उलटला. बाकीचे पोहत आले. दुमिंग आला नाही, त्याचं प्रेतही आलं नाही.

गाव भेटायला गेलं. मिठागराचा मुकादम इनास पुढे झाला आणि म्हणाला, "नातालीनबाय, देवाची मर्जी." दुसऱ्याने तेच सांगितलं, तिसऱ्याने तेच. दुःखाच्या घरी जाताना माणूस भाकरी-कालवण नेतो. यांनी सगळ्यांनी मिळून एक वाक्य नेलं.

त्या दिवसापासून नातालीन क्रुसाच्या मागच्या अंगाला, खाडीकडच्या पायरीवर बसू लागली. तोंड पाण्याकडे, पाठ क्रुसाकडे. पुढे गावाची रोजरी चालायची, मागे ही मुकी. दिवा मात्र तिने चुकवला नाही. तेल घालायची ते मान फिरवून, रुसलेली बायको नवऱ्याला वाढते तसं.

लोकांना वाटे, बाई देवाला सोडून बसली. तसं नव्हतं म्हणे. ती रोज मनात प्रार्थना सुरू करायची आणि 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' इथे आली की अडायची. ते म्हणायचं म्हणजे दुमिंगला आपल्याच हाताने पाण्यात ढकलायचं. आणि न म्हणावं तर लेकामागोमाग देवही गेला. मग हातात उरलं काय? नुसतं पाणी.

त्यातच अवकाळी पाऊस आला आणि पिकलेलं मीठ विरघळून गेलं. गावाला कारण सापडलं. ही पाठ दाखवते म्हणून देव कोपला! तिला चौथऱ्यावर पाऊल ठेवू द्यायचं नाही, इथपर्यंत बोलणी गेली. तेव्हा इनासने डोकं चालवलं. बाई वळत नाही ना, मग क्रूसच वळवू. समोर चेहरा आला की झक मारत गुडघे टेकेल. भर दुपारी, ती कामावर असताना, बाप्यांनी पाचरी काढल्या, पहारी लावल्या आणि क्रूस फिरवून खाडीकडे केला. ती बसते तीच मुळी पाठ करून, हे एकाही शहाण्याच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी सगळे मिठागराच्या बांधाआड दबा धरून बसले. नातालीन आली. तिने चेहरा पाहिला, थबकली, मान फिरवून तेल घातलं आणि नेहमीसारखी पाठ करून बसली. बांधाआड कपाळावर हात मारल्याचे आवाज आले म्हणतात.

पण तिला चैन पडेना. मानेवर नजर टेकल्यासारखी वाटे. आता हा आपल्याला जाब विचारणार, या भीतीने तिने एकदाच मागे वळून पाहिलं. तो तिच्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर तिच्या डोक्यावरून पलीकडे, खाडीच्या तोंडाशी लागली होती. जिथे मचवा उलटला तिथे.

"तूही तिकडेच बघतोस होय रे?" ती म्हणाली.

आणि लेक गेल्यापासून पहिल्यांदा रडली. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे त्या दिवशीही तिच्याने म्हणवलं नाही. पण क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री बागेत घाम गाळत प्रार्थना करताना ते येशूलाही सहज म्हणता आलं नव्हतं. हे ती लहानपणापासून ऐकत आली होती, कळलं आत्ता.

पुढे इनासची पोर तापाने गेली. तो पायरीवर येऊन उभा राहिला. नातालीन सरकली, जागा केली. ती पुन्हा पाण्याकडे बघू लागली, तेव्हा त्यानेच विनवलं की काहीतरी बोल.

"तेव्हा तू बोललास की," ती म्हणाली. "आता बस."

तो बसला. अंधार पडेपर्यंत दोघं पाण्याकडे बघत राहिली. उठताना तिने प्रार्थना सुरू केली, पूर्वीसारखी झपाट्याने नाही, एकेक शब्द चाचपत. अडायची तिथे अडली. मग इनास अडला. आणि दोघांनी मिळून ते वाक्य कसंबसं पार केलं.

सणाला पाद्री येणार म्हणून लोकांनी क्रूस परत फिरवायचं काढलं, तेव्हा इनास पहार घेऊन आडवा उभा राहिला. त्याने ती खाडीत भिरकावली असं काही जण सांगतात. लोखंडाचा भाव बघता गुपचूप घरी नेली असेल. क्रूस मात्र राहिला तसाच.

आजही गाव त्याच्या पाठीशीच रोजरी म्हणतं. ज्याच्या घरी दुःख झालं, तो पलीकडे पायरीवर बसतो. त्याला देवाची मर्जी सांगायची नाही, वळ म्हणायचं नाही, जागा असेल तर शेजारी बसायचं. खाऱ्या वाऱ्याने तो कोरलेला चेहरा पार खाल्लाय. नाक नाही, ओठ नाहीत, डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन खोलगट खुणा. पाहुणे म्हणतात, नवा का बसवत नाही? पायरीवरच्या माणसाला काय फरक पडतो? त्याची पाठच असते तिकडे. आणि त्या खुणा अजून खाडीच्या तोंडाकडेच लागलेल्या आहेत.