काचेवर डाग नको, नाल्यात थेंब नको

दुष्काळी तालुक्यात काचेची इमारत बांधू नये, हे तात्यासाहेब मोहिऱ्यांना कुणी सांगितलं नाही. सांगणारा नोकरीत राहिला नसता, हेही तितकंच खरं. त्यामुळे माळसांगवीच्या बाजारात, जिथं बायका टँकरची वाट बघत घागरी मांडून बसायच्या, बरोबर तिथंच तात्यासाहेबांचं पाच मजली व्यापारी संकुल उभं राहिलं. पुढून काच, मागून काच, आणि उरलेल्या जागेत तात्यासाहेबांचा फोटो.

अडचण काचा धुताना सुरू झाली. बोअरचं पाणी इतकं क्षारांचं, की काच वाळली की तिच्यावर पांढरे ठिपके उमटायचे. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, इमारतीला गोवर उठलाय. मग तात्यासाहेबांनी आरओचं मशीन आणलं. त्याच्या शुद्ध पाण्यानं काच बिनडाग वाळायची. फक्त एक बादली शुद्ध पाणी देताना ते मशीन तीन बादल्या खारं पाणी नळीतून नाल्यात ओतायचं. काचा धुणं सुरू झालं की नाला ओढ्यासारखा वाहायचा आणि पलीकडे घागरीवाल्या बायका तो बघत बसायच्या. फुकटची करमणूक!

चौथ्या दिवशी नगरपालिकेची नोटीस आली. नाल्यात पाणी दिसलं तर बोअर सील. उद्घाटन आठ दिवसांवर आलेलं.

तात्यासाहेबांनी काचा पुसणाऱ्या चौघींची मुकादम दुर्पदा वाघमोडे हिला बोलावून घेतलं.

"उद्यापासून काचेवर डाग नको आणि नाल्यात थेंब नको."

"मग मशीन बंद ठेवायचं का, साहेब?"

"बंद कशाला? हौसेनं आणलंय मी."

"मग ते खारं पाणी सोडायचं कुठं?"

"हे मला विचारायला तुला ठेवलीय का? जमत नसेल तर चौघीही घरी बसा."

चौघींपैकी दोघी दुर्पदानंच शब्द देऊन गावाहून आणल्या होत्या. त्यांना काय तोंड दाखवायचं?

मॅनेजर केळशीकरांकडे मात्र उपाय तयार होता. "दुर्पदाबाई, नाल्यावर फरशा टाकू. पाणी जाईल, पण दिसणार नाही."

"आणि आवाज आला तर?"

"स्पीकर लावू. उद्घाटन आहेच."

दुर्पदानं त्यांना नमस्कार केला आणि ती नळीपाशी जाऊन बसली. बसल्या बसल्या तिनं खाऱ्या पाण्यात फडकं बुडवून समोरची काच घासली, आणि ती वाळायच्या आत वरून मगभर शुद्ध पाणी ओतलं. काच वाळली. डाग नाही. तिनं दुसरी काच घासली. तिथंही नाही.

म्हणजे खारं पाणी काचेवर वाळलं तरच डाग पडत होता. आणि चौघी मात्र पहिल्या धुळीपासून शुद्ध पाणीच वापरत होत्या. प्यायच्या पाण्यानं चिखलाचे पाय धुवावेत, तसं.

दुसऱ्या दिवसापासून चौघी सकाळच्या सावलीत काम करू लागल्या. घासायला खारं पाणी, शेवटच्या हाताला तेवढं शुद्ध. खाली गळेल ते फडक्यानं टिपून बादलीत. पूर्वी चाळीस बादल्या शुद्ध पाणी लागायचं, आता दहात भागलं. मशीन तासाभरातच काम उरकू लागलं. खारं पाणी तसंच घटलं, पण वीसेक बादल्या रोज उरायच्याच.

त्या कुठं ओतायच्या? दुर्पदानं मान वर करून गच्चीकडे पाहिलं. मग ती प्लंबर इस्माईलला घेऊन वर गेली, आणि दोघं पाइप जोडून खाली आले. पाइपच्या बिलावर केळशीकरांनी न वाचता सही केली, कारण वर 'दुरुस्ती' असं लिहिलं होतं.

उद्घाटनाच्या सकाळी तात्यासाहेबांनी काचेवरून पांढरा रुमाल फिरवला. रुमाल पांढराच राहिला. ते नाल्यापाशी गेले. नाल्यात कोरड्या जागी कुत्रं झोपलं होतं. तात्यासाहेबांचा चेहरा पडला. आता रागवायचं कशावर?

"मशीन बंद ठेवलंस ना?" त्यांनी दुर्पदाला विचारलं.

"चालू आहे, साहेब," केळशीकर म्हणाले. मशीनचा आवाज येतच होता.

"मग खारं पाणी गेलं कुठं? दाखव, सगळ्यांसमोर."

सगळे म्हणजे पाहुणे, व्यापारी आणि नोटीस देणारे अधिकारी.

"सगळ्यांसमोर दाखवण्यासारखं नाही, साहेब," दुर्पदा म्हणाली.

"आत्ता दाखव!"

दुर्पदा पुढं निघाली. मागून हार घातलेले तात्यासाहेब, त्यांच्यामागं सगळी मंडळी. पाचव्या मजल्यावर, तात्यासाहेबांच्या केबिनमागच्या त्यांच्या खास संडासाचं दार तिनं उघडलं.

"फ्लशचं बटण दाबा, साहेब."

तात्यासाहेबांनी दाबलं. पाणी धो धो वाहिलं. मंडळींनी ते आदरानं ऐकून घेतलं.

"हेच ते," दुर्पदा म्हणाली. "पाच मजल्यांचे संडास आता खाऱ्या पाण्यावर चालतात. बोअरचं वापरण्याजोगं पाणी त्यात जायचं, तेही वाचलं. नाल्यात थेंब जात नाही. तरी वाया घालवायचंच असेल, तर ते इथं बसून फक्त तुम्हालाच जमेल."

अधिकाऱ्यांना एकाएकी खोकला आला. केळशीकर छताकडे बघू लागले. तात्यासाहेब क्षणभर टाकीकडे बघत राहिले, मग दुर्पदाकडे, आणि असे काही हसत सुटले की गळ्यातल्या हाराची फुलं गळाली.

"माग, काय हवं ते माग!"

"चौघींना कायम करा. आणि बोअरचं वाचतंय त्या पाण्याचा एक नळ रस्त्याच्या बाजूला काढा. बायकांना धुण्याभांड्याला होईल."

"दिलं!"

त्याच दुपारी इस्माईलनं नळ बसवला. उद्घाटनाची फीत थोडी उरली होती. तात्यासाहेबांनी ती नळाला बांधून घेतली आणि घागरीवाल्या बायकांच्या देखत तीही कापली.