दहा सेकंदांचा द्वारपाल

संगणकाचं नवल वाटायचं, त्या काळातली गोष्ट. वाचनालयातल्या एका संगणकात त्याला चालवणाऱ्या दोन प्रणाली राहत; एका वेळी एकच जागी होई. संगणक सुरू झाला, की दारावरचा द्वारपाल रोज पडद्यावर विचारी, "कोणाला उठवू?" दहा सेकंदांत उत्तर आलं नाही, की यादीतल्या पहिलीला उठवी. ग्रंथपाल कुमुदिनीबाई संगणकाचं बटण दाबून लगेच माठ भरायला जात.

"लोकांना मीच आवडते," पहिली मिरवी. "तुला कोणी वापरत नाही, म्हणून उद्या पुसून टाकणार आहेत!"

दुसरी घाबरली. "द्वारपालदादा, मला कोणीच निवडलं नाही?"

"तिलाही नाही गं. मी विचारतो तेव्हा समोर कोणी नसतंच."

दुसऱ्या दिवशी पुसायचं काम होतं, म्हणून बाई पडद्यासमोरच बसल्या. प्रश्न दिसला.

"अगंबाई, हा रोज विचारतो?" त्या ओशाळल्या. "दुसरीला मी कधी संधीच दिली नाही. पुसायचं राहू दे. आणि द्वारपाला, यापुढे मी उत्तर देईपर्यंत थांबत जा."